उजेडाचं टोक

अर्पितानं त्या मीटरसाठी पिशवी शिवली होती. ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाची, आतून मऊ अस्तर, वर नाडी. मीटर तळहातात मावेल एवढा होता. त्याच्या डोक्यावर एक भोक होतं. त्यात इंटरनेटच्या तारेचं टोक बसवलं की तारेतून किती उजेड येतो आहे ते पडद्यावर आकड्यांत दिसायचं. दिवसभर ती पिशवी अर्पिताच्या कमरेला असायची आणि संध्याकाळी ओसरीतल्या खुंटीला. सत्यशीला ओसरीतून जाता-येता तिकडे बघायचं नाही असं ठरवायची आणि बघायची.

सत्यशीला थोरली जाऊ. परभणीच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी. एस्सी. झालेली. लग्न होऊन ती बोरीच्या पुढच्या या करंजवाडीत आली आणि घराच्या पुढच्या खोलीत नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवू लागली. गाव तिला ‘बाई’ म्हणायचं. अर्पिता धाकट्या दिराची, बजरंगची बायको. सोनपेठची, बारावीपर्यंत शिकलेली, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी. काचेच्या केसासारख्या धाग्यातून उजेड बाहेर न सांडता कोसच्या कोस कसा जातो, हे करंजवाडीत एकट्या सत्यशीलाला नीट माहीत होतं. आणि मीटर अर्पिताच्या कमरेला होता.

सरकारनं ती तार ग्रामपंचायतीपर्यंत आणून ठेवली त्याला बरीच वर्षं झाली होती. ऑफिसच्या कोपऱ्यात एक पेटी बसली, तिच्यावर कुणीतरी टॉवेल टाकला आणि ती तशीच राहिली. मोबाईलवर बोलणं व्हायचं, पण इंटरनेटसाठी माणसं पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसत. मग सरकारनं एका खासगी कंपनीला भागीदार करून घेतलं. तार सरकारची, ती चालू ठेवायचं काम कंपनीचं, आणि घरोघरी जोडण्या द्यायला, त्या सांभाळायला गावातलंच एक माणूस. दरमहा जमणाऱ्या पैशात त्याचा वाटा. कंपनीचा तालुक्याचा माणूस योगीराज हे सगळं समजावायला ग्रामसभेत आला होता. गावाकडून एखादी बाई पुढे आली तर कंपनीला आवडेल, असंही तो म्हणाला.

दोनच नावं आली, आणि तीही एकाच घरातली. सत्यशीलानं उभं राहून तार कशी असते, तिच्यात काय बिघडू शकतं ते थोडक्यात सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. अर्पिता काहीच बोलली नाही. मग ओढ्यापलीकडच्या वस्तीतली अंगणवाडी सेविका धम्मशीला उठली.

“बाई हुशार हायत, त्यात वाद न्हाई,” ती म्हणाली. “पन ही तार घरात येणार हाय. अर्पिता आमच्या वस्तीत मापं घ्यायला येती, च्या पिती, लेकरायला रागावती. बाई कवा आल्यात का वड्याच्या पलीकडं?”

सत्यशीलाला तिकडे जायला कुणी अडवलं नव्हतं. तिचं तिकडे कधी काम निघालं नव्हतं, एवढंच. ती तसं म्हणणारही होती, पण ते सभेत कसं ऐकू जाईल हे तिच्या वेळेवर लक्षात आलं. हात वर झाले. अर्पिताचं नाव पहिलं लागलं, सत्यशीलाचं दुसरं. पहिलीकडून काम निभलं नाही, जोडण्या बंद पडून राहिल्या, तर दुसरीला विचारायचं, असं योगीराजनं सांगितलं. सगळ्या सभेतून सत्यशीलानं तेवढंच एक वाक्य घरी आणलं.

नागनाथला, तिच्या नवऱ्याला, यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. काम आपल्याच घरात आलं, तुझं काय अन् तिचं काय, असं तो म्हणाला आणि जेवायला बसला.

उन्हाळाभर अर्पितानं घरं जोडली. जिंतूरला जाऊन ती तारेच्या टोकाला जोडणीचं टोपण बसवायला शिकून आली, शिडीवर चढायला शिकली. बजरंग शिडी धरायचा. लोक विचारायचे, तारेतून नेमकं येतं काय. अर्पिता सांगायची, नळातून पाणी येतं तसा उजेड येतो, तार मोडली की सांडतो. हे खरं नव्हतं, निदान पुरतं खरं नव्हतं, पण ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं. एकदा वर्गात वैष्णवी नावाच्या मुलीनं हात वर करून सांगितलं, अर्पिताकाकू म्हणतात की तारेत उजेड वाकतो. सत्यशीलानं शिकवायचं होतं ते बाजूला ठेवलं आणि उजेड वाकत नाही, तो काचेच्या भिंतीवर आपटत आपटत पुढे जातो, हे आकृती काढून समजावलं. मुलीनं ती आकृती नीट उतरवून घेतली. मग म्हणाली, “पन बाई, येतो ना घरापर्यंत?”

वर्ग हसला. सत्यशीलाही हसल्यासारखं करून फळ्याकडे वळली.

आपल्याला काय होतं आहे हे तिला कळत होतं. अर्पिताचं काही चुकलं की आत जरा बरं वाटे, आणि तरीही लोक तिलाच हाक मारत म्हणून दुसऱ्याच क्षणी दुप्पट लागे. अर्पिताचं बरोबर आलं की सरळच लागे. पूर्वी दारात कुणी उभं राहिलं तर ‘बाई हायत का’ म्हणून विचारायचं. आता विचारत, “अर्पिता हाय का?” सत्यशीला दारात असली तरी तिच्या खांद्यावरून आत बघून विचारत.

एका दुपारी अर्पिता दळण आणायला गेली असताना तिनं खुंटीवरची पिशवी उतरवली. मीटर काढला, घरातल्या इंटरनेटच्या पेटीचं टोपण ओढून त्यात बसवलं. आकडा चांगला होता. तिनं तो थोडा वेळ बघितला, सगळं जागच्या जागी ठेवलं आणि नाडीला गाठ मारली. त्यानंतर अशी दुपार मिळाली की ती हे करायची. आकडा दर वेळी जवळपास तोच असायचा. तिला आकड्यासाठी ते करायचं नव्हतंच.

खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. सासूबाईंनी, तानुबाईंनी, सकाळीच अंगणात पाट मांडला. विळे, खुरपी, कुऱ्हाड, तिफणीचे फण, बजरंगच्या मोटारसायकलची किल्ली, अर्पिताचं शिलाई मशीन, सत्यशीलाचं पेन आणि कंपासपेटी. तानुबाईंचा एक नियम होता. कुंकू अवजाराच्या कामाच्या जागी लागलं पाहिजे. विळ्याच्या धारेला, फणाच्या टोकाला, मशीनच्या सुईला. दांड्याला लावलेलं कुंकू देवाला पोचत नाही, असं त्या म्हणत.

अर्पितानं इंटरनेटची पेटी तिच्या लांब तारेसकट अंगणात आणून पाटावर ठेवली. तानुबाईंनी पेटी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हिची धार कुठली? अर्पितानं जरा विचार केला. मग पेटीच्या पाठीमागचं हिरवं टोपण चिमटीत धरून बाहेर ओढलं. आतून पांढरं, ज्वारीच्या कणसाच्या देठाहून बारीक टोक दिसू लागलं.

“हितून उजेड येतो, आत्याबाई,” ती म्हणाली. तिनं अनामिका ओल्या कुंकवात बुडवली आणि मान वर करून सत्यशीलाकडे बघितलं.

सत्यशीला निरांजनाचं ताट धरून तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. त्या पांढऱ्या टोकाच्या मधोमध उजेड नेणारा काचेचा जो ठिपका असतो तो केसाच्या आठव्या हिश्श्याएवढा. कुंकवाचा एक कण त्याच्याहून मोठा. आत हळदीचा अंश, तेलाचा अंश. हे सगळं तिच्या मनात एका क्षणात आलं आणि ‘तिथं नको’ हे शब्दही आले. ते तिनं उच्चारले नाहीत. तिला वाटलं, घरातलीच एक पेटी बंद पडेल. अर्पिता गोंधळेल, फोन करेल, कुणाला काही कळणार नाही, आणि मग मी ते टोक पुसून देईन.

अर्पितानं टोकाला कुंकू टेकवलं, त्यावर हळद टेकवली आणि टोपण परत बसवलं. पेटीवर झेंडूचा हार चढला. त्यातलं एक फूल नेमकं दिव्यांवर आलं होतं, त्यामुळे हिरवा दिवा लाल झालेला कुणाला दिसला नाही. सत्यशीलानं ते फूल सरकवलं नाही.

शेजारची प्रभावती गडग्यावरून बघत होती. आमच्या पेटीची बी करून दे, आमाला ते टोपण काढायची भीती वाटती, असं ती म्हणाली. अर्पिता ताट घेऊन तिकडे गेली. तिथून पुढच्या घरी बोलावणं आलं, तिथून त्याच्या पुढच्या. जोडण्या सांभाळणारी तीच, टोपण काढता येणारीही तीच. दुपारपर्यंत ती गावभर फिरली. सत्यशीला मेथी निवडत बसली होती. तिला आवाज ऐकू येत होते: एका दारातलं हसणं, मग त्याच्या पुढच्या दारातलं. प्रत्येक आवाजाला तिला उठता आलं असतं. मेथी निवडून झाली तेव्हा तिनं कोथिंबीर घेतली.

पुजलेलं अवजार त्या दिवशी वापरत नाहीत, म्हणून कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. पुण्याला, चाकणला गेलेल्या माणसांशी फोनवर तोंड बघून बोलायचं, सोनं दाखवायचं, म्हणून बायका नटून बसल्या आणि कुणाचंच लागेना. सोयाबीनचे भाव बघणारेही वैतागले. लोकांना आधी वाटलं, पाइपलाइनच्या खोदकामात तार तुटली असेल. तसं पूर्वी झालं होतं. अर्पिता मीटर घेऊन घरोघर फिरली. आकडे इतके खाली गेले होते की काही घरी मीटर नुसत्या रेघा दाखवी. ओढ्यापलीकडे मात्र सगळं चालू होतं. तिथे सकाळपासून नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा कार्यक्रम इंटरनेटवरून टीव्हीवर लागला होता आणि एकदाही थांबला नव्हता. गावातली दोन-चार पोरं तिकडे जाऊन आपापल्या भावांशी बोलून आली.

हे अर्पितानंच घरी येऊन सांगितलं. तिला त्याचा अर्थ लागत नव्हता. एकाच तारेवरची घरं, हिकडं बंद आणि तिकडं चालू. सत्यशीलाला अर्थ तत्काळ लागला. धम्मशीलाच्या वस्तीत खंडेनवमी पुजत नाहीत. एखाद्या प्रयोगात एकच गोष्ट बदलून बाकी सगळं सारखं ठेवावं, तितकं ते स्वच्छ होतं. ही दोन टोकं कुणीही जोडू शकलं असतं. म्हणजे बोलायचं असेल तर लवकर बोलावं लागणार होतं. ती बोलली नाही. अर्पितानं ‘ताई, काय झालं आसल हो’ असं विचारावं, म्हणून ती वाट बघत राहिली. अर्पितानं विचारलं नाही, ती योगीराजला फोन लावत होती.

योगीराज दुसऱ्या सकाळी आला. तो गावं सांभाळायचा, तारा जोडणारी माणसं वेगळी होती आणि ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला अडकली होती. ग्रामपंचायतीत उजेड नीट येत होता. घरांमध्ये नव्हता. पेट्यांना कुंकू लागलेलं त्यानं पाहिलं असेल, पण त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या गाडीच्या हँडललाही कुंकू होतं. त्यानं निष्कर्ष काढला की टोपणंच कच्ची बसवली गेली आहेत, सगळी पुन्हा बसवावी लागतील, आणि वरून त्याला विचारणा झाली आहे. ओसरीत बसून, चहा बाजूला सारून, त्यानं अर्पिताच्या देखत सत्यशीलाला विचारलं, की दुसरं नाव तुमचं होतं, तुम्ही घेता का हे काम.

सत्यशीला हो म्हणाली. तिला वाटलं होतं, आधी थोडं थांबावं लागेल, पण शब्द लगेच आला.

अर्पितानं कमरेची पिशवी सोडली आणि पाटावर ठेवली. हातात दिली नाही.

योगीराज गेल्यावर सत्यशीला बोरीला जाऊन मेडिकलमधून स्पिरिट आणि कापसाची गुंडाळी घेऊन आली. घरच्या पेटीपासून सुरुवात केली. काडीच्या टोकाला घट्ट कापूस पिळून टोक पुसलं, पेटीचं आतलं भोक पुसलं, मीटरचंही. वाळू दिलं, बसवलं. दिवा हिरवा झाला. तिनं मीटर लावला तर आकडा पूर्वीचाच होता. ती जागेवर बसून राहिली. वर्गात एखादं गणित सुटल्यावर वाटतं तसं वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही. मग ती प्रभावतीकडे गेली.

प्रभावतीनं तिला बसायला दिलं, पेटी काढून दिली. सत्यशीलानं टोपण ओढलं आणि कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. टोकावरचं कुंकू पुसायचं आहे, असं ती म्हणाली तेव्हा प्रभावतीनं पेटी ओढून छातीशी घेतली.

“पुसू नका, बाई. सणाचं कुंकू हाय. आमचे मालक चाकणला हायत, गाडी चालवत्यात.”

सत्यशीलानं समजावलं. काचेचा ठिपका किती बारीक असतो, कण किती मोठा असतो, ते सांगितलं. प्रभावतीनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी नाहीच म्हणाली. तिनं ते अगदी मऊपणे सांगितलं, बंद राहिलं तर राहू द्या. पुढच्या घरी ओसरीवरच्या म्हातारीनं आत जाऊ दिलं नाही. तुमी शिकलेल्या, तुमच्यात चालत आसल, असं ती म्हणाली. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. दारातून एक पोरगी आत ओरडली, “आये, बाई आल्यात. कुंकू पुसत फिरायल्यात त्याच.”

सत्यशीला बाटली पदराखाली धरून परत आली. गावातली चाळीसेक घरं, आणि एकाही घरात तिला ते बोटभर टोक हातात मिळत नव्हतं. दुरुस्ती येत होती. ज्या कामासाठी तिनं हो म्हटलं होतं ते मात्र पहिल्याच दिवशी बुडत होतं.

अर्पिता मशीनवर बसली होती. सत्यशीला दाराशी उभी राहिली आणि तिनं झालं ते सांगितलं. टोकावर कुंकू बसलं आहे, ते निघालं की चालू होईल, पण बायका पुसू देत नाहीत.

अर्पितानं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“म्हंजे मीच केलं.”

“हो.”

“अन् पलीकडं पूजा न्हाई, म्हनून तिथलं चालू.”

“हो.”

“तुमाला आज कळलं, का त्या दिवशीच?”

आज, असं सांगता आलं असतं. तसं सांगून निभावलंही असतं. “तू कुंकवात बोट बुडवलंस तेव्हाच,” सत्यशीला म्हणाली.

अर्पिता तिच्याकडे बघत राहिली. “ताट धरून हुब्या व्हता तुमी. मी बघितलं तुमच्याकडं. म्हनलं चुकत आसतं तर ताई बोलल्या आसत्या.”

सत्यशीलानं हातातली बाटली उंबऱ्यावर ठेवली.

“मीटर बी तुमी काढून बघता,” अर्पिता पुढे म्हणाली. “नाडीची गाठ तुमची येगळी पडती. मी म्हनलं, बघू द्या. मागितला आसता तर हातात दिला आसता.”

“मला मागायचा नव्हता.”

“ते बी कळत व्हतं मला.” तिनं सुईतला दोरा तोडला. “लगीन होऊन आले तवापासून आत्याबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, ही थोरली, शिकलेली हाय. अन् मी? ही धाकटी. बस. मला नाव नव्हतं या गावात. तुमच्या वर्गातून पोरींचे आवाज यायचे, बाई, बाई, अन् मी हितं काजं करायचे. लय जळायचे मी तुमच्यावर. तुमचं फळ्यावर काहीतरी चुकावं आसं वाटायचं.” ती थांबली. “चुकलं आसतं तरी मला काय कळणार म्हना.”

सत्यशीलाला हसू आलं नाही, पण दाराच्या चौकटीवरचा तिचा हात सैल झाला. तिनं विचारलं, की आता त्या बायकांचं काय करायचं.

अर्पिताला त्यात अडचणच दिसत नव्हती. पूजलेलं कुंकू पुसायचं नसतं, उत्तरपूजा करायची असते. घट हलवताना करतात तसं अक्षता टाकायच्या, पेटी जागेवरून जराशी हलवायची, की देवपण उतरलं. मग टोक धुवा नाहीतर पुसा. पुसलेला कापूस वाटीत घ्यायचा आणि तुळशीत घालायचा, उकिरड्यावर नाही. एवढं सांगितलं की कुणीही बाई नाही म्हणणार नाही. हे सांगताना ती उठून डब्यातले तांदूळ काढू लागलीसुद्धा. मग तिनं डबा खाली ठेवला.

“मी येते. पन आधी साहेबाला फोन लावायचा, माझ्यासमोर. कुंकू लावलं ते मी सांगते. बाकीचं तुमी सांगायचं.”

“आणि काम?”

“काम मला पाहिजे,” अर्पिता म्हणाली. “तुमाला जेवढं पाहिजे तेवढंच.”

फोन लागला. योगीराज कुठल्यातरी रस्त्यावर होता, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. अर्पितानं आपला भाग दोन वाक्यांत सांगितला. तो आधी हसला, मग त्याला ते पटलं. म्हणजे टोपणं पक्कीच होती तर, तो म्हणाला. अर्पितानं फोन सत्यशीलापुढे धरला.

“सर, हे मला आधीपासून माहीत होतं,” सत्यशीला म्हणाली. “पूजा करताना मी तिथंच होते. मी मुद्दाम बोलले नाही.”

“का हो, बाई?”

“मला तिचं काम हवं होतं.”

ट्रॅक्टर जवळ आला आणि लांब गेला. योगीराज म्हणाला, की हे तो वर कसं कळवणार. अर्पितानं फोनकडे वाकून सांगितलं, लिवा की टोकावर धूळ बसली व्हती. तेही खोटं नव्हतं.

“आज सगळी घरं चालू झाली तर काम अर्पिताताईंकडंच राहील,” तो म्हणाला. “आणि बाई, तुमचं दुसरं नाव मी काढून टाकतो. राग मानू नका.”

सत्यशीलानं राग नाही म्हटलं. पिशवी तिच्या खांद्याला होती. तिनं ती काढून अर्पिताच्या हातात दिली. अर्पितानं ती घेतली, कमरेला बांधली आणि तांदळाला कुंकू लावायला बसली.

दोघी निघाल्या तेव्हा तानुबाई ओसरीतून बघत होत्या. दोन जावा एका कामाला निघाल्यात, आज पाऊस पडतो का काय, असं त्या नागनाथला म्हणाल्या. अर्पिता ताट घेऊन पुढे, सत्यशीला बाटली आणि वाटी घेऊन मागे.

प्रभावतीच्या दारात अर्पिता थांबली नाही, सरळ आत गेली. पोरगं झोपलं का, चाकणहून फोन आला का, तुझा तो हिरवा ब्लाऊज परवा देते, असं बोलत बोलत तिनं पेटी पाटावर घेतली. उत्तरपूजा राहिलीच व्हती बघ, तवाच रुसली ही, ती म्हणाली. प्रभावतीनं पदर डोक्यावर घेतला. अर्पितानं तिच्या हातात अक्षता दिल्या, स्वतः टाकल्या, पेटी चार बोटं सरकवली. दोघींनी नमस्कार केला. मग अर्पितानं टोपण ओढून ते टोक मागे न बघता सत्यशीलाकडे केलं.

सत्यशीलानं खाली बसून ते पुसलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कापूस पांढराच आला. पेटीचं भोक पुसलं. लाल झालेले कापूस वाटीत ठेवले. टोक वाळू दिलं. बसवल्यावर दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला.

“आलं गं अर्पिता,” प्रभावती म्हणाली. “तुझ्याच हाताला येतं बघ ते.” आणि ती चहा ठेवायला आत गेली.

अर्पितानं सत्यशीलाकडे बघितलं. सत्यशीलाला लागलं होतं. काल लागलं असतं तेवढंच. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि विचारलं, पुढचं घर कुणाचं.